फाईल कुठे आहे? सरकारी कार्यालयातल्या पडद्यामागच्या नोकरीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका महसुली कार्यालयात मी तीन वर्षांपासून नोकरी करते. कोणत्या, ते सांगणार नाही. कारण प्रश्न १४ मध्ये आहे. मला प्रश्न तिघांकडून येतात: सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत बसलेल्या मुलामुलींकडून, खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या लोकांकडून आणि नातेवाइकांकडून. सगळ्यात अवघड नातेवाइकांचे. तेच तेच पुन्हा लिहायचा कंटाळा आला म्हणून सगळं एकत्र केलंय.

१. तू नक्की करतेस काय? कलेक्टर ऑफिसात आहेस म्हणजे ऑफिसर ना?

नाही हो आत्या. मी महसूल सहायक आहे. पूर्वी या पदाला लिपिक-टंकलेखक म्हणायचे, त्याआधी नुसतं कारकून. आलेला कागद वाचायचा, त्यावर काय करता येईल ते नियम बघून लिहायचं आणि वर पाठवायचं, हे माझं काम. ठरवतात वरचे, सही वरच्यांची. पण ज्या कागदावर सही होते तो बहुतेक वेळा माझ्यासारख्या कुणीतरी टाइप केलेला असतो.

कागदाचा रस्ता साधारण असा: बारनिशीत (आलेल्या-गेलेल्या टपालाची नोंद होते तिथे) आवक क्रमांक पडतो, तिथून तो संबंधित संकलनाकडे येतो (आमच्याकडे टेबलाला संकलन म्हणतात), मी टिपणी लिहिते (काय करता येईल ते लिहितो ती हीच), मग अव्वल कारकून, नायब तहसीलदार, तहसीलदार, उपजिल्हाधिकारी आणि गरज असेल तर त्याही वर. मग त्याच पायऱ्या उतरत परत माझ्याकडे. अव्वल कारकुनाचं पदनाम आता सहायक महसूल अधिकारी झालंय, पण अजून कुणाच्या तोंडी बसलेलं नाही.

२. ताई, ही पोस्ट कशी मिळते? टायपिंग किती लागतं?

लोकसेवा आयोगाच्या गट-क परीक्षेतून. पूर्व, मुख्य आणि त्यानंतर टंकलेखनाची कौशल्य चाचणी. प्रमाणपत्र मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट या वेगाचं लागतं. ती परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. टायपिंगचा क्लास मुख्य परीक्षेनंतर लावू म्हणणारे खूप भेटतात. लावू नका असं नाही, पण बोटांना वळण लागायला महिने जातात आणि चाचणीच्या दिवशी तो कीबोर्ड तुमचा नसतो.

परीक्षेत एक गोष्ट विचारत नाहीत आणि रोज लागते: दुसऱ्याचं अक्षर वाचणं. डॉक्टरांचं सोपं. ज्या शेतकऱ्याने तीन पानी अर्ज बसमध्ये लिहिलाय, त्याचं वाचून दाखवा.

३. हातात किती येतात?

सातव्या वेतन आयोगात वेतनस्तर एस-६, म्हणजे मूळ वेतन १९,९०० पासून सुरू. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता आणि थोडा वाहतूक भत्ता. १ नोव्हेंबर २००५ पासून पुढे लागलेल्यांना जुनी पेन्शन नव्हे, एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना): आपले १० टक्के, शासनाचे १४. पुण्यात एकट्या मुलीला एवढ्यात भागतं. नवरा-बायको, एक मूल आणि सिंहगड रस्त्यावर वन बीएचके असेल तर दोघांनी कमवावं लागतं.

४. पाच दिवसांचा आठवडा, पावणेदहा ते सव्वासहा. मग मज्जाच की?

२९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे आणि वेळ तुम्ही म्हणता तीच. एरवी ती पाळलीही जाते. अपवाद मात्र मोजा: अधिवेशन (प्रश्न ९), वारी (प्रश्न १०), निवडणूक (प्रश्न ११), मोठ्या पाहुण्यांचा दौरा आणि पावसाळा. पावसाळ्यात जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष चोवीस तास चालतो. १०७७ ला फोन केलात तर पलीकडे माझ्यासारखंच कुणीतरी रात्रपाळीला बसलेलं असतं. धरणातून किती क्युसेकने पाणी सोडलं ते लिहून घ्यायचं आणि पुढे कळवायचं. खडकवासल्याचा आकडा वाढला की नदीकाठच्या सोसायट्यांचे फोन सुरू होतात. पानशेत फुटलं ते १९६१ मध्ये, १२ जुलैला, पण आजही एखादे आजोबा रात्री दोनला फोन करून विचारतात, “बाई, धरण ठीक आहे ना?” त्यांना हसायचं नसतं.

५. टिपणी म्हणजे काय? त्यात एवढं काय अवघड?

पहिल्या महिन्यात मलाही असंच वाटलं होतं. पावसात घराची भिंत पडली, मदत मिळावी, असा एका आजींचा अर्ज माझ्याकडे आला. मी लिहिलं: “अर्जदार अत्यंत गरीब व वृद्ध असून त्यांना तातडीने मदत देण्यात यावी.” चांगलं वाटलं. फाईल अव्वल कारकून मॅडमकडे गेली आणि दहा मिनिटांत परत आली. “अत्यंत गरीब”खाली पेन्सिलीची रेघ आणि बाजूला दोन शब्द: कशावरून?

मी जाऊन भांडले. त्या म्हणाल्या, “अगं, तू त्यांना पाहिलंयस. साहेबांनी नाही. उद्या ऑडिटवाला येईल, त्यानेही नाही. त्यांना दिसेल असं काहीतरी लिही.” मग मी पंचनामा शोधला. तो फाईलमध्येच होता, पान ११ वर. भिंतीची लांबी, उंची, पत्र्यांची संख्या, दोन पंचांच्या सह्या. नवी टिपणी अशी झाली: पहिल्या परिच्छेदात अर्जदार काय मागतात, दुसऱ्यात पंचनामा काय म्हणतो (पान ११), तिसऱ्यात शासन निर्णयाप्रमाणे काय देय आहे (पान १७), आणि शेवटी “मान्य असल्यास, आदेशाचे प्रारूप पान २१ वर स्वाक्षरीस्तव सादर.” गरीब हा शब्द कुठेच नव्हता. दोन दिवसांत सही झाली.

टिपणीतली भाषा लोकांना कोरडी वाटते. मलाही वाटायची. पण “करण्यात यावे” आणि “करणे योग्य होईल किंवा कसे” यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात मी प्रस्ताव ठेवते, दुसऱ्यात साहेबांना विचारते. आणि “चर्चा करावी” असा शेरा घेऊन फाईल परत आली तर समजायचं, आपल्या लिहिण्यात काहीतरी सुटलंय आणि ते साहेबांना कागदावर आणायचं नाहीये.

६. “फाईल साहेबांकडे आहे” असं सांगतात. म्हणजे नक्की कुठे?

खरं सांगू? कधी साहेबांकडे, कधी माझ्या टेबलाच्या डाव्या गठ्ठ्यात. म्हणून हा प्रश्नच विचारू नका. “आवक क्रमांक अमुक, तारीख तमुक, सध्या कोणत्या संकलनाकडे?” असं विचारा. नंबर हातात असलेल्या माणसाला मोघम उत्तर देता येत नाही.

मुदतीला कायदा आहे, बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा. कोणाही कर्मचाऱ्याकडे फाईल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. तातडीची चार दिवसांत आणि अतितातडीची शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी. दुसऱ्या विभागाला विचारायचं नसेल तर ४५ दिवसांत निर्णय, विचारायचं असेल तर तीन महिन्यांत.

७. कायदा आहे तर माझ्या जमिनीच्या अपिलाला दोन वर्षं कशी लागतात?

कारण त्याच कायद्यात अपवादही लिहिलेत. न्यायप्रविष्ट आणि अर्धन्यायिक प्रकरणांना, तसंच मोठ्या धोरणात्मक निर्णयांना वरच्या मुदती लागू नाहीत. जमिनीचं अपील अर्धन्यायिक असतं: दोन्ही बाजूंना नोटीस, सुनावणी, वकील, पुढची तारीख. त्यात टेबलावरच्या सात दिवसांचा हिशेब चालत नाही. साध्या अर्जाला उशीर झाला तर मात्र बोट आमच्याकडेच येतं. बहुतेक वेळा अभिप्रायासाठी दुसऱ्या कार्यालयात गेलेला कागद परत आलेला नसतो आणि स्मरणपत्र पाठवायचं कुणाला सुचलेलं नसतं. तिसऱ्या स्मरणपत्रानंतर अर्धशासकीय पत्र जातं. ते आमच्या साहेबांकडून तिकडच्या साहेबांना, नावानिशी असतं, त्यामुळे त्याला उत्तर येतं.

८. जुना कागद “रेकॉर्डला आहे” म्हणतात. तो सापडतो तरी का?

बांधणी नीट असेल तर सापडतो. अभिलेखांचे वर्ग असतात: अ कायम ठेवायचा, ब तीस वर्षं, आणि खाली ड, जो वर्षभराने नष्ट करायचा. चुकीच्या वर्गात बांधलेला कागद हा हरवलेलाच. म्हणून टेबलावर सहा गठ्ठे पद्धत आहे: चालू, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेखात पाठवायचे आणि नष्ट करायचे. ही शिस्त महाराष्ट्रभर पोचली ती अनिलकुमार लखिना यांच्यामुळे. १९८० च्या दशकात ते अहमदनगरचे जिल्हाधिकारी होते आणि आजही जुनी मंडळी “लखिना पॅटर्न” म्हणतात. पुणे विभागात अलीकडे चंद्रकांत दळवी विभागीय आयुक्त असताना झिरो पेंडन्सीची (एकही कागद प्रलंबित न ठेवण्याची) मोहीम झाली, तेव्हा कपाटांच्या वरून काय काय खाली आलं ते ऐकण्यासारखं आहे.

अभिलेख कक्षात अजून लाल कापडात बांधलेले गठ्ठे दिसतात. त्याला रुमाल म्हणतात. हा शब्द आमचा नाही, पेशव्यांच्या कारकुनांचा आहे. कौन्सिल हॉलजवळ पेशवे दफ्तरात मोडी कागद अशाच रुमालांत आहेत. गो. स. सरदेसाईंनी त्यातून निवडून ४५ खंड छापले. ते वाचायला मिळाले, कारण दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी गाठ नीट मारली होती.

(ई-ऑफिस आल्यावर हे संपेल का, असंही विचारतात. नवीन कागद स्क्रीनवर आले आहेत. जुन्या संगणकातली २००८ ची फाईल मात्र उघडली की श्रीलिपीची (जुन्या मराठी फॉन्टची) अक्षरं युनिकोडमध्ये वाचता न येणारी चिन्हं होऊन दिसतात. रुमालातला कागद निदान वाचता येतो.)

९. अधिवेशन मुंबईला किंवा नागपूरला. पुण्यात तुमची धावपळ कशाला?

कारण उत्तर मंत्री देतात, आकडा आम्ही देतो. तारांकित प्रश्नाची (आमदाराने विचारलेला, सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न) भाषा ठरलेली आहे: अमुक घडले हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तरंही ठरलेली: हे खरे आहे, हे खरे नाही, अंशतः खरे आहे, प्रश्न उद्भवत नाही. मंत्रालयातून प्रश्न विभागीय आयुक्तांकडे, तिथून जिल्ह्याकडे, जिल्ह्यातून तालुक्यांकडे. उतरताना चार दिवस लागतात आणि चढायला एक संध्याकाळ मिळते.

माझी चूक सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. पहिल्याच पावसाळी अधिवेशनात एका प्रश्नासाठी तालुकानिहाय तक्ता करायचा होता. रात्री पावणेआठपर्यंत दोन तालुक्यांची माहिती आली नव्हती आणि वरून दर पाच मिनिटांनी फोन. मी त्या दोन रकान्यांत “निरंक” टाइप करून मेल पाठवला. सव्वाआठला एका तालुक्याची माहिती आली: सात प्रकरणं.

निरंक म्हणजे शून्य. माहिती आली नाही, याला “अप्राप्त” म्हणतात. मी सभागृहात शून्य सांगायला निघाले होते. अव्वल कारकून मॅडमनी आधी स्वतः फोन करून वर कळवलं, सुधारित तक्ता पाठवायला लावला आणि मग मला चहा पाजला. ओरडल्या नाहीत. त्या रात्री हडपसरची शेवटची बस चुकली आणि रिक्षाचे पैसेही त्यांनीच दिले. अजून कुणी “निरंक” लिहिलं की मी दोनदा विचारते, “आहे की आलं नाही?”

१०. वारीत महसूलवाल्यांचं काय काम?

पाणी, शौचालयं, मुक्कामाच्या जागा, गॅस, दिवे आणि या सगळ्याची नोंद. ज्ञानोबांची आणि तुकोबांची पालखी पुण्यात दोन रात्री मुक्कामी असतात: एक भवानी पेठेत पालखी विठोबाला, दुसरी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. मग एक दिवेघाट चढून सासवडकडे जाते, दुसरी लोणी काळभोरकडे.

माझी ड्युटी घाटाखाली टँकरवर होती. टँकरचा नंबर, भरला कुठे, रिकामा कधी, परत कधी. प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून नोंदवही लिहायची, कारण पाऊस. एक म्हातारी आली, तांब्या पुढे केला आणि म्हणाली, “माऊली, पाणी गोडं हाय का?” वर्षभर “ओ मॅडम, ओ मॅडम” ऐकणारी मी, मला आधी कळलंच नाही की ती मला हाक मारतेय.

११. निवडणूक ड्युटी टाळता येते का?

खरंखुरं वैद्यकीय कारण असेल तर अर्ज करा, कागद जोडा. एरवी नाही, आणि आमच्यासारख्यांची निवडणूक मतदानाच्या किती तरी आधी सुरू होते: प्रशिक्षणाचे आदेश काढणं, केंद्राध्यक्षांच्या याद्या, साहित्याच्या पिशव्या. जिल्ह्यात विधानसभेचे २१ मतदारसंघ आहेत. पिशव्यांचा हिशेब तुम्हीच करा. मतदानाच्या दिवशी प्रत्यक्ष मतदान सुरू होण्याच्या ९० मिनिटं आधी मॉक पोल (यंत्र तपासायला घेतलेलं चाचणी मतदान) असतो, किमान ५० मतांचा. म्हणजे सातच्या मतदानाला साडेपाच. आदल्या रात्री शाळेच्या वर्गात बाकं जोडून झोपायचं. उशीला पुस्तकं आहेतच.

१२. साहेब, रावसाहेब, भाऊसाहेब: कुणाला काय म्हणायचं?

तहसीलदार आणि नायब तहसीलदार: रावसाहेब. कारकून आणि तलाठी: भाऊसाहेब. त्याच्या वरचे सगळे साहेब. बाई असेल तर कुठल्याही पदाला मॅडम, त्यामुळे आमची श्रेणी हाकेवरून ओळखता येत नाही; हा एकच फायदा. शिपायांना मामा किंवा काका म्हणा आणि मनापासून म्हणा. कुठली फाईल कुणाच्या केबिनमध्ये कितव्या नंबरला आहे, हे त्यांना पाठ असतं.

१३. चहापाणी द्यावं लागतं का? दिवाळीचा पुडा तर चालतो ना?

द्यायचं नाही. कुणी मागितलं तर १०६४, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. होतच नाही असं म्हणून मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही.

पुड्याचं जास्त अवघड असतं. काम झाल्यावर कुणी काजूकतली घेऊन येतं, डोळ्यांत खरा आनंद असतो. मी हात जोडते आणि “तुमच्या हाताने खिडकीवरच्या लोकांना वाटा” म्हणते. एक काका रागावून गेले. पण आज पुडा घेतला की उद्या त्यांचा शेजारी पुड्याशिवाय अर्ज द्यायला कचरतो.

१४. सरकारी नोकरीत असताना यूट्यूब चॅनेल, राजकीय पोस्ट, पेपरात लेख?

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ वाचा. राजकीय पक्षाच्या कामात भाग नाही, शासनाच्या धोरणावर जाहीर टीका नाही, परवानगीशिवाय व्यापार-धंदा नाही. कथा-कविता लिहायला हरकत नाही. कार्यालयातली माहिती, फाईलचा फोटो, साहेबांचा आवाज, हे काहीच बाहेर जाऊ द्यायचं नाही. म्हणून मी कार्यालयाचं नाव लिहीत नाही आणि वर आलेल्या आजींच्या गावाचंही.

१५. माहिती अधिकारात अर्ज टाकला तर तुम्ही डूख धरता का?

काही जण धरतात. माझं म्हणणं, चांगला अर्ज आला तर काम सोपं होतं. शुल्क १० रुपये, उत्तर ३० दिवसांत, जीवित किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. मिळालं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, मग ९० दिवसांत दुसरं. राज्य माहिती आयोगाचं खंडपीठ पुण्यात आहे.

फक्त “माझं काम का झालं नाही?” असं लिहू नका. ‘का’ला माहिती म्हणत नाहीत, जे कागदावर आहे तेच देता येतं. असं मागा: “आवक क्रमांक अमुकच्या नस्तीतील टिपणीच्या सर्व पानांच्या प्रती.” (नस्ती म्हणजे फाईल.) टिपणी ही माहितीच आहे. ती वाचली की ‘का’ आपोआप कळतो, आणि कुणी किती दिवस दाबून ठेवली तेही, कारण प्रत्येक सहीखाली तारीख असते.

१६. तू आत आहेस, मग सातबाऱ्यावर नाव लावून दे की.

मामा, ते काम ग्राम महसूल अधिकाऱ्याचं (म्हणजे आपला तलाठी) आणि मंडळ अधिकाऱ्याचं. फेरफाराची १५ दिवसांची नोटीस कायद्यात आहे. भाची कामाला आहे म्हणून ती चौदा दिवसांची होत नाही. अर्जात काय सुटलंय ते बघून देईन. तेवढं कुणालाही देते. बाकी प्रश्न ६.

१७. नोकरी सांभाळून राज्यसेवेचा अभ्यास होतो का? बढती कशी मिळते?

होतो, ज्यांचा होतो त्यांचा. माझी पूर्व परीक्षा दोनदा गेली. परीक्षेला बसताना कार्यालयाला रीतसर कळवा, नाहीतर निवडीच्या वेळी कागद अडतो. बढतीसाठी आधी दुय्यम सेवा परीक्षा आणि पुढे महसूल अर्हता परीक्षा. बदली साधारण एप्रिल-मे मध्ये. गट-क ला एका कार्यालयात दोन कालावधी, म्हणजे सहा वर्षं मिळू शकतात. मुख्यमंत्री फेलोशिपचंही खूप जण विचारतात. २१ ते २६ वयाच्या पदवीधरांसाठी ती चांगली आहे, पण ठरावीक काळाची. तिला नोकरी समजून घरी सांगू नका.

१८. एवढं लिहितेस आणि नाव कुठेच येत नाही. वाईट वाटत नाही?

येतं की. बाहेर जाणाऱ्या पत्रावर साहेबांची सही असते, पण आमच्याकडे राहते ती स्थळप्रत. तिच्यावर खाली डाव्या कोपऱ्यात, ज्याने लिहिलं त्याची आद्याक्षरं आणि तारीख.

मागच्या उन्हाळ्यात अभिलेख कक्षात एका रस्त्याच्या वादाची जुनी फाईल शोधत होते. तिसरा रुमाल सोडला, आत १९९४ ची स्थळप्रत. कोपऱ्यातली अक्षरं ओळखीची वाटली. ‘कशावरून?’ मधला तोच लांब शेपटीचा ‘क’. मी ते पान मोबाइलचा दिवा लावून अव्वल कारकून मॅडमना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, पान एकदा वरून खाली वाचलं आणि म्हणाल्या, “दुसऱ्या ओळीत पानाचा नंबर द्यायचा राहिलाय बघ.”